स्थानिक खाद्यव्यवसायांना बळ कसं द्यायचं: पैशाचा माग काढण्यापासून वेळेवर बिल चुकतं होण्यापर्यंत

परिसरातले छोटे खाद्यव्यवसाय टिकावेत असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. तरीही ते बंद पडतात, आणि अनेकदा चव, दर्जा, मेहनत यांत काहीच कमी नसताना बंद पडतात. एका आठवड्यात मागणी दुप्पट आणि पुढच्या आठवड्यात निम्मी होते. माल उधारीवर गेलेला असतो, बिलं अडकलेली असतात, आणि कच्चा माल मात्र रोखीनं घ्यावा लागतो. अशा स्थितीत ‘स्थानिक माल घ्या’ हे आवाहन कितीही मनापासून केलं तरी त्यानं महिनाअखेरीचं गणित सुटत नाही.

छोट्या खाद्यव्यवसायाला सर्वांत मोठी मदत दोनच गोष्टींची होते, असं माझं ठाम मत आहे: ठरलेली ऑर्डर आणि वेळेवर पैसे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवती रचल्या आहेत. नागरिकांचा गट, व्यापारी संघटना, सहकारी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्थेतले सदस्य किंवा मोठ्या स्वयंपाकघराची खरेदी पाहणारी व्यक्ती यांपैकी कुणीही त्या हाती घेऊ शकेल.

पायरी १: ‘स्थानिक’ कुणाला म्हणायचं ते ठरवा

ही चर्चा पहिल्याच बैठकीत संपवावी, नाहीतर ती वर्षभर पुरते. बहुतेक गट अंतरापासून सुरुवात करतात: इतक्या किलोमीटरच्या आतलं ते स्थानिक. अंतर मोजायला सोपं असतं, पण एकट्या अंतरावर विसंबलं तर फसगत होते. अमेरिकेच्या २००८ च्या कृषी कायद्यात ‘स्थानिक’ अन्नासाठी ४०० मैलांपर्यंतचं, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटरचं अंतर किंवा त्याच राज्याची हद्द चालते. इतक्या मोठ्या वर्तुळात जवळपास काहीही बसतं.

त्यापेक्षा प्रत्येक व्यवसायाला चार प्रश्न विचारा. मालक कुठे राहतो, म्हणजे नफा कुठे जातो? काम करणारी माणसं कुठली? कच्चा माल कुठून येतो? आणि धुणं, दळणं, शिजवणं, भरणं या प्रक्रिया कुठे होतात? चारही उत्तरं ‘इथेच’ अशी क्वचितच येतील, आणि तशी अट घालूही नका. चारांपैकी किमान दोन ‘इथेच’ असली की व्यवसाय आपल्या कामाच्या कक्षेत आला, असा साधा नियम पुरतो. मालक बाहेरचा असला तरी सगळी मजुरी आणि सगळा शेतमाल इथला असेल, तर तो व्यवसाय परिसराच्या फार उपयोगाचा असतो. उलट समोरच्याच गल्लीतलं दुकान सगळा माल बाहेरून आणत असेल, तर तिथे खर्च झालेल्या पैशाचा बराचसा भाग त्याच आठवड्यात बाहेर जातो.

पायरी २: पैशाचा माग काढा

लंडनमधल्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशननं यासाठी एक पद्धत विकसित केली आहे. ती ‘एलएम ३’ म्हणजे तीन फेऱ्यांचा स्थानिक गुणक या नावानं ओळखली जाते. तिला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वही, जमाखर्च आणि थोडी चिकाटी लागते.

पहिली फेरी म्हणजे व्यवसायाला मिळालेले पैसे. समजा विक्री १०० आहे. दुसरी फेरी: त्या १०० पैकी किती पैसे परिसरातल्या माणसांना आणि व्यवसायांना गेले? मजुरी २५, शेतमाल २०, जागेचं भाडं १०, वाहतूक ५, म्हणजे एकूण ६०. तिसरी फेरी: हे ६० ज्यांना मिळाले त्यांनी त्यातले किती पुन्हा परिसरातच खर्चले? त्यांनी सरासरी ४० टक्के इथे खर्चले असतील, तर २४. आता तिन्ही आकड्यांची बेरीज करून पहिल्या आकड्यानं भागा: १८४ भागिले १००, म्हणजे १.८४. दुसऱ्या एखाद्या व्यवसायात १०० पैकी फक्त २० इथे राहत असतील आणि पुढे त्यातले ८, तर त्याचा गुणक १.२८ येईल. एकाच रकमेची खरेदी या दोन ठिकाणी केली तर परिसरावर होणारा परिणाम किती वेगळा असतो, ते इथे स्पष्ट दिसतं. गुणक १ च्या खाली आणि ३ च्या वर जात नाही.

प्रत्यक्षात करताना आठ-दहा व्यवसाय निवडा आणि प्रत्येकाचा शक्यतो पूर्ण वर्षाचा जमाखर्च घ्या, कारण खाण्याच्या धंद्यात हंगामानुसार खर्च बदलतो. खर्चाचे रकाने असे ठेवा: कच्चा माल, मजुरी, मालकाची उचल, भाडं, वीज आणि इंधन, पॅकिंग, वाहतूक, व्याज, कर. प्रत्येक रकान्यासमोर ‘परिसरात’ आणि ‘बाहेर’ अशा दोन रकमा लिहा. हिशेब दाखवायला लोक कचरतात आणि ते रास्तच आहे. त्यांच्याकडून फक्त टक्केवारी मागा, नावं गुप्त ठेवा, आणि तयार झालेला तक्ता आधी त्यांनाच दाखवा. पुष्कळदा आपल्या धंद्याचं इतकं स्पष्ट चित्र मालकालाही पहिल्यांदाच दिसतं.

हा गुणक सगळं सांगत नाही. गिऱ्हाईक एका स्थानिक दुकानातून उठून दुसऱ्या स्थानिक दुकानात गेलं, तर परिसराच्या उत्पन्नात काहीच भर पडत नाही. म्हणून गुणकाकडे गळती, म्हणजे परिसराबाहेर जाणारा पैसा, शोधायचं साधन म्हणूनच पाहा. मोठा अहवाल लिहून जाहिरातीत वापरायचा आकडा शोधत बसलात, तर मूळ काम बाजूला राहील.

तक्ता झाला की एकच गळती निवडा. ती मोठी हवी, दर महिन्याला होणारी हवी, आणि ती भरून काढू शकेल असं कुणीतरी परिसरात हवं. वीज आणि इंधनाचे पैसे बाहेर जाणारच. त्यावर शक्ती घालवू नका. पण दळण, सोललेली-चिरलेली भाजी, खोकी, लेबलं, शीतगृहाचं भाडं, उपकरणांची दुरुस्ती अशी कामं पुष्कळदा केवळ सवयीनं बाहेर दिलेली असतात.

पायरी ३: मोठ्या स्वयंपाकघरांकडे जा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं, कारखान्यांची उपाहारगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग: ही स्वयंपाकघरं रोज चालतात, त्यांची मागणी आधी सांगता येते, आणि ती परिसर सोडून जात नाहीत. शंभर घरांची सवय बदलायला जे कष्ट पडतात, त्यापेक्षा एका वसतिगृहाची रोजची एक वस्तू बदलणं पुष्कळदा सोपं जातं.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात २०११ मध्ये एक प्रचंड खरेदी संकुलाचा प्रकल्प कोसळला आणि बाहेरून गुंतवणूक येईल ही आशा मावळली. तेव्हा तिथल्या नगर परिषदेनं मँचेस्टरच्या एका अभ्याससंस्थेला बरोबर घेऊन शहरातल्या सहा मोठ्या सार्वजनिक संस्थांचा खरेदीखर्च तपासला. २०१२-१३ मध्ये त्यातला जेमतेम ५ टक्के खर्च शहरात आणि शहर धरून संपूर्ण लँकेशर परगण्यात ३९ टक्के होत होता. २०१६-१७ पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे १८.२ आणि ७९.२ टक्क्यांवर गेलं. यात सगळ्याच प्रकारची खरेदी आहे, पण अन्नाच्या बाबतीतली युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळांच्या जेवणाच्या पुरवठ्याचं मोठं कंत्राट एकगठ्ठा न देता त्याचे दही, अंडी, चीज, दूध असे वेगळे भाग पाडले गेले, आणि अधिकाऱ्यांनी स्वतः स्थानिक व्यावसायिकांना भेटून निविदा कशी भरायची ते समजावलं. त्यामुळे लँकेशरमधल्या शेतकऱ्यांचा माल घेणाऱ्या पुरवठादारांना ती कामं मिळाली.

ब्राझीलनं हेच कायद्यानं केलं. २००९ च्या कायद्यानं शालेय भोजनासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यावर खर्च करणं बंधनकारक केलं; २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के झालं. त्यासाठी नेहमीची निविदा लागत नाही. बाजारभावाची पाहणी करून दर आधी ठरतो आणि मग जाहीर आवाहन निघतं. स्पर्धा किमतीवर होत नसल्यामुळे छोट्या उत्पादकाला मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा कमी दर लावून नुकसान सोसावं लागत नाही. मला या योजनेतला हा भाग ३० टक्क्यांच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या परिसरात सुरुवात करताना प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघराकडून पुढची माहिती मिळवा: दर महिन्याला कोणती वस्तू किती लागते, सध्याचं कंत्राट कुणाकडे आहे आणि ते कधी संपतं, पुरवठादारासाठी अटी काय आहेत, आणि बिल किती दिवसांत चुकतं होतं. कंत्राट संपण्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. तिच्या आधी किमान सहा महिने बोलणी सुरू झाली तरच अटी बदलण्याची शक्यता राहते. निविदा निघाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

अटींमध्ये काय बदलून मागायचं? कामाचे छोटे भाग करा म्हणावं. किमान उलाढालीची अट कामाच्या आकाराशी सुसंगत ठेवा म्हणावं; वर्षाला थोडंच काम असलेल्या भागासाठी त्याच्या दहापट उलाढाल मागण्यात अर्थ नसतो. अनामत रक्कम कमी करता येते का ते विचारा. एक बारकावा मात्र सांभाळा. सरकारी खरेदीत ‘फक्त इथल्याच पुरवठादारांनी अर्ज करावा’ अशी अट अनेक देशांच्या कायद्यांत बसत नाही. युरोपीय संघात तर नाहीच. पण ‘काढणीनंतर इतक्या तासांत पोहोचवावं’, ‘आठवड्यातून इतक्या वेळा पुरवठा व्हावा’, ‘हंगामी असावं’, ‘एका दिवसाच्या सूचनेवर प्रमाण बदलता यावं’ या अटी वस्तूच्या दर्जाशी संबंधित असतात आणि त्या घालता येतात. जवळच्या पुरवठादाराला त्या सहज झेपतात.

आचाऱ्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. खरेदी विभागानं होकार दिला आणि स्वयंपाकघरानं नकार दिला, तर माल परत येतो. हंगामानुसार ताटातले पदार्थ बदलायला आचारी तयार आहेत का, भाजी धुऊन-चिरून हवी आहे का, नग एकसारखे असणं खरंच गरजेचं आहे का, हे त्यांनाच माहीत असतं. आणि पहिल्या वर्षी एकच वस्तू घ्या. ती वर्षभर न चुकता पोहोचली की दुसरी मागायला तोंड मिळतं.

पायरी ४: पुरवठा एकत्र बांधा

मोठं स्वयंपाकघर वीस जणांना वीस फोन करत नाही. त्याला एक क्रमांक, एक गाडी आणि एक बिल हवं असतं. छोटे उत्पादक आणि मोठा खरेदीदार यांच्यामध्ये हा दुवा तयार करणं हीच बहुतेक ठिकाणची खरी उणीव असते.

इथे मोठी इमारत बांधायची घाई करू नका. अनुदानातून गोदाम उभं राहतं, मग ते भरायला माल नसतो आणि वीजबिल मात्र येत राहतं. आधी सामायिक मागणीपत्रक, ठरलेल्या वारांना फिरणारी भाड्याची गाडी, आणि दोन वेळा फोन उचलणारी एक पगारी व्यक्ती, एवढ्यावर सुरुवात होते. ती व्यक्ती पगारीच हवी. स्वयंसेवकाच्या भरवशावर पहाटेचा पुरवठा फार काळ चालत नाही.

गटात दोन गोष्टी लेखी ठरवून घ्या. पहिली प्रतवारी: कोणता माल पहिल्या प्रतीचा, कोणता दुसऱ्या, आणि दुसऱ्या प्रतीचं काय करायचं. आकारानं वेडावाकडा पण खायला उत्तम असा माल मुरवणं, वाळवणं, दळणं, शिजवून भरणं यांसाठी द्यायची सोय आधीच असेल, तर उत्पादकाचं उत्पन्न वाढतं आणि प्रक्रिया करणाऱ्यालाही स्वस्त कच्चा माल मिळतो. दुसरी गोष्ट लागवडीची वाटणी. सगळ्यांनी एकाच आठवड्यात एकच पीक काढलं तर भाव पडतो आणि पुढचा महिना रिकामा जातो. कुणी काय, कधी आणि किती लावायचं याचा तक्ता मोठ्या खरेदीदाराच्या मागणीवरून तयार करा.

मध्यस्थीचा खर्च लपवू नका. गाडी, पगार, नासाडी, हिशेब यांसाठी विक्रीतला ठरावीक हिस्सा लागतो, आणि तो किती आहे ते उत्पादक व खरेदीदार दोघांनाही माहीत असावं. दोघांनी मान्य केलेला हिस्सा टिकतो. नंतर उघड झालेल्या हिश्श्यावरून गट फुटतात.

पायरी ५: पैसे वेळेवर फिरते ठेवा

चांगली ऑर्डर मिळूनही व्यवसाय बुडू शकतो. आज कच्चा माल घ्यायचा, उद्या मजुरी द्यायची, आणि विक्रीचे पैसे दोन महिन्यांनी मिळायचे, या मधल्या काळासाठी खेळतं भांडवल लागतं. ते नसेल तर मालक चढ्या व्याजानं उसने घेतो आणि नफा तिथेच संपतो. ऑर्डर जितकी मोठी, तितकी ही अडचण मोठी. हे आधी न सांगता छोट्या व्यावसायिकाला मोठ्या कंत्राटात ढकलणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे.

कायदा काय सांगतो ते माहीत असावं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार मोठ्या खरेदीदारानं नाशवंत शेतमाल आणि अन्नपदार्थांचे पैसे छोट्या पुरवठादाराला ३० दिवसांच्या आत द्यायचे असतात. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, मासिक चक्रवाढीनं व्याज द्यावं लागतं. एकटा पुरवठादार गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं हा हक्क क्वचितच मागतो. संघटनेनं सर्वांच्या वतीनं थकबाकीची यादी दर महिन्याला खरेदीदाराकडे पाठवली, तर कुणा एकावर रोष येत नाही.

याखेरीज दोन मार्ग आहेत. एक, स्थानिक पतसंस्था किंवा बँकेशी बोलून पक्क्या ऑर्डरच्या कागदावर अल्पमुदतीचं कर्ज मिळवणं. कर्ज देणाऱ्याला ऑर्डर देणाऱ्या संस्थेची पत दिसते, त्यामुळे तारण कमी लागू शकतं. दुसरा, गिऱ्हाइकांनीच आगाऊ पैसे देणं. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावानं शेतकरी आणि शहरी कुटुंबं थेट जोडली गेली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या शेतांवर तशीच व्यवस्था सुरू झाली. कुटुंबं हंगामाआधी वाटा विकत घेतात आणि पीक आल्यावर दर आठवड्याला त्यांना माल मिळतो. पीक कमी आलं तर माल कमी मिळेल हेही त्यांनी स्वीकारलेलं असतं. ही जोखीम सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर पहिल्याच अवकाळी पावसात विश्वास जातो.

पायरी ६: किंमत आणि स्वच्छता

बहुतेक छोटे व्यावसायिक किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरत नाहीत. नासाडी, चव पाहायला दिलेला माल, भांड्यांची झीज आणि उधारीवरचं व्याजही सुटतं. एक दिवसाची कार्यशाळा घेऊन प्रत्येकाच्या एका उत्पादनाचा खरा खर्च काढा. त्यानंतर काहींना दर वाढवावे लागतील आणि काहींना एखादं उत्पादन बंद करावं लागेल. दोन्ही निर्णयांत त्यांच्या पाठीशी उभे राहा.

स्वच्छतेत सूट नाही. एका व्यवसायातून विषबाधा झाली तर संपूर्ण गटावरचा विश्वास जातो. परवाने, पाण्याची तपासणी, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते तसं शिजलेलं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवणं, हे पाळलंच पाहिजे. प्रत्येकाला स्वतंत्र परवानापात्र स्वयंपाकघर परवडत नसेल, तर एखादं सामायिक स्वयंपाकघर पाळ्या लावून वापरता येतं. समाजमंदिराचं किंवा शाळेचं स्वयंपाकघर सुट्टीच्या वेळेत मिळतं का, ते आधी पाहा.

पायरी ७: घरातून करता येण्यासारखं

दर आठवड्याला लागणारी एकच वस्तू निवडा आणि ती वर्षभर एकाच स्थानिक व्यवसायाकडून घ्या. सणासुदीच्या मोठ्या खरेदीपेक्षा हा छोटा, ठरलेला व्यवहार व्यावसायिकाला जास्त आधार देतो. ऑर्डर आदल्या दिवशी द्या, म्हणजे नासाडी कमी होते. शक्य असेल तिथे कमिशन घेणाऱ्या ॲपऐवजी थेट मागवा. पदार्थ बिघडला असेल तर आधी मालकाला सांगा. उधारी ठेवू नका.

सध्या बाजूला ठेवा

स्थानिक चलनाची, म्हणजे फक्त परिसरातच चालणाऱ्या पैशाची, कल्पना मोहक आहे, पण ती चालवायला प्रचंड श्रम लागतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २०१२ मध्ये मोठ्या उत्साहात सुरू झालेला ब्रिस्टल पाउंड २०२१ पर्यंत बंद झाला. लोगो आणि खाद्यमहोत्सव ठरलेल्या ऑर्डरी आल्यावर करावेत; महोत्सवातली गर्दी पुढच्या सोमवारी दुकानात येईलच असं नाही. आणि ‘जवळचं अन्न म्हणजे पर्यावरणाला चांगलं’ असा सरसकट दावा करू नका. अन्नाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा बहुतेक वेळा लहान असतो. काय पिकवलं आणि कसं पिकवलं याचा फरक त्याहून मोठा पडतो. रोजगार, उत्पन्न, ताजेपणा ही स्थानिक खरेदीची भक्कम कारणं आहेत; तीच सांगा.

पायरी ८: वर्षानं पुन्हा मोजा

पहिल्या वर्षी ज्या व्यवसायांचा हिशेब घेतला त्यांचाच पुन्हा घ्या. पाच गोष्टी पाहा: ठरलेल्या ऑर्डरी किती वाढल्या, बिल मिळायला सरासरी किती दिवस लागतात, निवडलेल्या गळतीतून बाहेर जाणारी रक्कम किती कमी झाली, काम करणाऱ्यांची मजुरी वाढली का, आणि एकाच खरेदीदारावर कोण किती अवलंबून आहे. शेवटचा आकडा विशेष जपा. कुणाची निम्म्याहून जास्त विक्री एकाच संस्थेकडे जात असेल, तर त्या संस्थेचं कंत्राट संपण्याआधी त्याला दुसरा खरेदीदार शोधून देणं हे पुढच्या वर्षाचं पहिलं काम. मजुरी वाढली नसेल तर आलेला पैसा कुठे थांबला ते तक्त्यात शोधा आणि मालकांशी मोकळेपणानं बोला. निवडलेली गळती कमी झाली नसेल, तर आणखी एक वर्ष त्याच वस्तूवर काम करायचं की दुसरी घ्यायची, हे तिचा पुरवठा करणाऱ्यांना विचारूनच ठरवा.